रिगिंग चकचकीत दिसतंय, पण ते किती वर्षांचं आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ३२ फुटी फायबरग्लासची स्लूप, म्हणजे एका डोलकाठीची शिडाची बोट, बांधणी १९९० च्या आसपासची, तुमच्या आधी दोन मालक झालेले. बोट सध्या मुंबईत यार्डात ठोकळ्यांवर आहे आणि डोलकाठी खाली काढून आडवी ठेवली आहे. डिसेंबरात तुम्ही दोघं नवरा-बायको तिला गोव्याला नेणार आहात. यादीत नवा चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा), लिथियम बॅटऱ्या आणि वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र) आहे. प्रश्न असा की रिगिंगची, म्हणजे डोलकाठीला धरणारी, वायर अजून चकचकीत असताना ती तशीच ठेवून सगळे पैसे या वस्तूंवर घालावेत का.

नको. डोलकाठी आडवी असण्याची संधी रोज येत नाही. आज जे काम तुम्ही जमिनीवर, सावलीत, हातात चहा घेऊन करू शकता तेच काम उद्या १३ मीटर उंच बोसन्स चेअरमध्ये, म्हणजे दोरीनं वर ओढलेल्या झोळीत, लोंबकळत करावं लागेल. म्हणून आधी डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या वायरी, मग बोटीच्या तळाला असलेली भोकं, मग वीज. प्लॉटर सगळ्यात शेवटी.

आधी एक विचारतो. वायर कधी बदलली याचं बिल जुन्या मालकांकडे आहे का? नसेल तर वायर बोटीइतकीच जुनी धरा. चकाकीवर जाऊ नका. स्टेनलेस स्टील टिकतं ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर ओरखडला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा भरून येतो. जिथे खारं पाणी शिरतं पण हवा शिरत नाही, तिथे तो भरून येत नाही. उघड्यावरची वायर म्हणूनच वर्षानुवर्षं चकाकत राहते आणि टोकाच्या स्वेजमध्ये, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेल्या नळीत, आतल्या आत भेगा पडत जातात. पाऊस आणि तुषार वायरीच्या पिळावरून ओघळत खाली येतात आणि खालच्या स्वेजमध्ये साठतात. त्यामुळे खालचं टोक आधी जातं. युरोपातली पुस्तकं बारा-पंधरा वर्षांचं आयुष्य सांगतात. आपल्याकडचं कोमट पाणी, दमट हवा आणि पावसाळ्याचे चार महिने पाहून मी दहाच्या पुढे भरवसा ठेवत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका ३६ फुटी बोटीचं रिगिंग मी डेकवर उभं राहून नजरेनं तपासलं आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी श्रीवर्धनच्या बाहेर, दुपारच्या पंधरा नॉटच्या वायव्य वाऱ्यात, मी स्वतः त्या बोटीवर असताना फोरस्टे, म्हणजे काठीला पुढून धरणारी वायर, खालच्या टोकाशी तुटला. डोलकाठी उभी राहिली ती केवळ जेनोआच्या (पुढच्या शिडाच्या) हॅलयार्डवर, म्हणजे शीड वर ओढायच्या दोरीवर. सुकाणूवरच्या मुलानं तत्काळ बोट वाऱ्यामागे वळवली, आम्ही स्पिनेकरचा (फुग्यासारख्या मोठ्या पुढच्या शिडाचा) हॅलयार्ड नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, आणून विंचवर (दोरी कसायच्या चरकीवर) कसला आणि इंजिनवर हळूहळू दिघीला आलो. नंतर ती स्वेज कापून पाहिली, तर एकोणीसपैकी अकरा तारा आतून तपकिरी होत्या. त्या केव्हाच तुटलेल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातली एकही दिसली नसती. तेव्हापासून ज्या टोकाचं वय मला माहीत नाही, ते मी नजरेनं पास करत नाही.

यातलं एक पाठ करून ठेवा आणि घरच्यांनाही शिकवा. फोरस्टे तुटला तर ताबडतोब वाऱ्यामागे वळा. बॅकस्टे, म्हणजे काठीला मागून धरणारी वायर, तुटला तर वाऱ्याकडे वळा आणि मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) कसा. वाऱ्याच्या बाजूची साइड वायर तुटली तर लगेच टॅक मारा (नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवा), म्हणजे भार दुसऱ्या बाजूवर जाईल. विचार करायला तेवढी काही सेकंदंच मिळतात.

आता तुमच्या बोटीकडे येऊ. सगळी उभी वायर बदला. ३१६ ग्रेडची, १×१९ पिळाची घ्या. ३०४ स्वस्त मिळते, पण तिच्यात मोलिब्डेनम नसतं आणि खाऱ्या हवेत ती लवकर डागाळते. तुमच्या बोटीला बहुधा ६ मिलिमीटरची असेल. जाडी वाढवायच्या मोहात पडू नका, वर विनाकारण वजन चढतं. खालच्या टोकांना मी स्वेजऐवजी स्टा-लॉकसारखे, पान्यानं उघडता येणारे टर्मिनल बसवतो. महाग पडतात, पण ते उघडून आत पाहता येतं, आणि आतला छोटा कोन बदलून पुन्हा वापरता येतात. वरच्या टोकांना स्वेज चालेल.

वायरीपेक्षा जास्त धास्ती मला चेनप्लेटची वाटते. डेकमधून आरपार जाऊन वायरीला बोटीशी बांधणारी ही पट्टी नेमकी डेकच्या जाडीत, जिथे सीलंट असतं तिथे कुजते. किमान एक तरी पूर्ण बाहेर काढा. मग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही बऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे डाय पेनिट्रंटचे तीन कॅन मागा. पहिल्यानं पट्टी स्वच्छ करायची, दुसऱ्यातला लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, तो पुसून तिसऱ्यातली पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एका सकाळीत सगळ्या चेनप्लेट, टँग (वायर काठीला अडकवायच्या पट्ट्या) आणि डोलकाठीच्या माथ्यावरचं फिटिंग तपासून होतं. पहिल्याच पट्टीवर रेघ दिसली तर बाकीच्या काढायच्या की नाही हा प्रश्नच उरत नाही.

डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आणि तिच्यावरचे स्क्रू स्टेनलेसचे. दोघांमध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी निघते. प्रत्येक स्क्रू बाहेर काढता आला तर काढा, ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातू वेगळे ठेवणारा लेप) लावून परत बसवा. डोलकाठीच्या पायाशी पाणी निघून जाण्याचं छिद्र असतं, ते हमखास बुजलेलं सापडतं. आणि काठी आडवी आहे तोवर आतल्या विजेच्या तारा आणि व्हीएचएफ रेडिओची कोअ‍ॅक्स नवी ओढून घ्या. तेवढ्या लांबीला पातळ आरजी-५८ नको, आरजी-२१३ घ्या. माथ्यावरच्या अँटेनाचा सगळा फायदा बारीक केबल खाऊन टाकते.

फर्लर, म्हणजे पुढचं शीड गुंडाळायचं यंत्र, असेल तर आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे टॉगल, वायरीच्या टोकाचा फिरता सांधा. फोरस्टेवर शीड असतं, ते वाऱ्यानं बाजूला फुगतं, आणि वायर दर लाटेला टोकाशी वाकते. खाली आणि वर दोन्हीकडे सगळ्या दिशांना फिरणारा टॉगल नसेल तर वाकण्याचा सगळा मार टर्मिनलवर येतो. श्रीवर्धनच्या त्या बोटीला खालचा टॉगल नव्हता. दुसरी गोष्ट हॅलयार्डच्या कोनाची. फर्लरच्या वरच्या फिरकीपासून हॅलयार्ड फोरस्टेला समांतर गेला तर शीड गुंडाळताना तोही फॉइलभोवती (वायरीवरच्या फिरत्या पन्हळीभोवती) गुंडाळला जातो. मग माणूस जोर लावून ओढतो, आणि त्या जोरानं फोरस्टेच्या तारा उलगडतात. हॅलयार्ड मागच्या बाजूला साधारण ८ ते १० अंशात निघायला हवा. नसेल तर डोलकाठीवर एक लीड (दोरी वळवणारी कडी) बसवा. फर्लर जड झालं की कधीही विंच लावू नका. आधी वर बघा.

काठी उभी केल्यावर ट्यूनिंग. हे कठीण आहे असं उगाच समजलं जातं. बॉटल स्क्रूंना (वायर कसायच्या स्क्रूंना) आधी लॅनोलिन लावा, नाहीतर स्टेनलेसचे आटे एकमेकांत चिकटून कायमचे अडकतात. मग मेन हॅलयार्ड आळीपाळीनं दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटला टेकवून माथा बरोबर मध्ये आहे का ते मोजा. आधी बाहेरच्या, माथ्यापर्यंत जाणाऱ्या वायरी, मग खालच्या. ताण मोजायला महागडं उपकरण नसलं तरी चालतं. दोन मीटरची लाकडी घडीची पट्टी घ्या. वायर हातानं जेमतेम ताठ असताना पट्टीचं वरचं टोक वायरीला टेपनं घट्ट चिकटवा आणि खालचं टोक टर्मिनलला टेकलेलं ठेवा. वायर कसत जाल तशी खाली फट पडत जाईल. १×१९ स्टेनलेस वायरीत दर १ मिलिमीटरची फट म्हणजे तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण. वायर जाड असो की बारीक, हिशेब तोच राहतो, कारण जाडीबरोबर ताकद आणि ताठपणा दोन्ही सारखेच वाढतात. स्प्रेडर (काठीवरचे आडवे दांडे) सरळ बाजूला असतील तर ३ मिलिमीटर, मागे वळलेले असतील तर ४. दोन्ही बाजू आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा.

अंतिम ट्यूनिंग मात्र पाण्यावरच होतं. चांगल्या वाऱ्यात बोट २० अंश कललेली असताना वाऱ्याखालच्या बाजूची वायर लोंबायला नको आणि काठीला पाहिलं तर ती बाजूला वाकलेली दिसायला नको. झाल्यावर स्प्लिट पिना घाला. टोकं थोडीशीच फाकवा, गोल पिळू नका, कारण वेळ आल्यावर ती पिन तुम्हालाच पक्कडीनं झटक्यात काढायची आहे. वरून टेप, म्हणजे शीड आणि पाय दोन्ही फाटणार नाहीत.

एवढा आग्रह का, तर तुमच्या प्रवासाचा नकाशा पाहा. मुंबईहून गोवा सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई येते, दहाच्या सुमाराला वारा पडतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो. दक्षिणेला जाताना तो पाठीवर असतो आणि बोट पाळण्यासारखी जाते. परत येताना तोच वारा नाळेवर, लाटा आखूड आणि उभ्या, आणि प्रत्येक आपटीला सगळा मार फोरस्टे आणि चेनप्लेटवर. गोव्याला सुखरूप पोचलेली बोट रिगिंगच्या परीक्षेत पास झाली असं धरू नका. तिची परीक्षा परतीला जयगडच्या उत्तरेला होते.

आता बोटीच्या तळाकडे. पाणी आत येऊ शकेल असं प्रत्येक भोक शोधा आणि मोजा, ३२ फुटी बोटीत सात-आठ तरी निघतील. प्रत्येक सीकॉक (भोकावरची तोटी) उघडा, बंद करा, नखानं खरवडा. खरवडल्यावर धातू पिवळा न दिसता गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलाय तो ठिसूळ तांब्याचा स्पंज. तो सीकॉक बोट पाण्यात जाण्याआधी बदलायचा, आणि पितळी नव्हे, ब्राँझचा बसवायचा. होजवर दोन-दोन क्लिप. शेजारी योग्य मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवा. बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी उपसणारे, दोन हवेत, एक आपोआप चालणारा विजेचा आणि एक कॉकपिटमध्ये बसून हातानं मारायचा. विजेच्या पंपावर लिहिलेला आकडा होजच्या चढावामुळे प्रत्यक्षात कितीतरी कमी होतो.

सुकाणूचाही प्रत्येक सांधा हलवून बघा आणि इमर्जन्सी टिलर (सुकाणूचा आणीबाणीचा दांडा) एकदा खरोखर बसवून बोट चालवून पाहा. पुष्कळ बोटींवर तो टिलर कधी बसवलेलाच नसतो आणि बसवायला गेलं की एखादी सीट आड येते. नौदलाच्या ‘तारिणी’सारख्या उत्तम राखलेल्या बोटीलासुद्धा २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या अखेरच्या टप्प्यात सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसमधल्या पोर्ट लुईला थांबावं लागलं होतं.

वीज. इथे वस्तू विकत घेण्याआधी कागदावर बेरीज करा. १२ व्होल्टवर, दिवस-रात्र चालत असताना, ढोबळ हिशेब असा येतो: फ्रिज आपल्या उकाड्यात ६० अँपिअर-तास, ऑटोपायलट सोळा तासांचे ४८, प्लॉटर २४, व्हीएचएफ आणि एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) मिळून १७, एलईडी दिवे ५, पंखे आणि फोन १५. एकूण सुमारे १७०. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा निम्माच साठा वापरायचा असतो, म्हणजे ३४० अँपिअर-तासांची बँक लागेल. याच ठिकाणी लोक लिथियमकडे वळतात.

मी पहिल्या वर्षी फ्रिज बंद ठेवायला सांगेन. आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ प्रत्येक मासेमारी बंदरात बर्फ मिळतो. चांगल्या जाड पेटीत तो दोन-तीन दिवस टिकतो. फ्रिज वजा केला की ११० उरतात. १०० वॉटचे दोन सौर पॅनेल हिवाळ्यात शिडाची सावली धरूनही ५०-५५ देतात. उरलेले सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात इंजिन चालवाल तेव्हा भरून निघतात. २०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटऱ्या आणि इंजिन सुरू करायला वेगळी एक, एवढं तुमच्या प्रवासाला पुरे आहे. लिथियम वाईट नाही, पण ती थेट अल्टरनेटरला जोडली तर पोटभर करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. चार्जिंग चालू असताना तिच्या बीएमएसनं (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटनं) अचानक तोडलं तर डायोड उडतात. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. ही सगळी व्यवस्था समजून घ्यायला एक मोसम द्या.

खरा पैसा वायरिंगमध्ये घाला. घरात वापरतो ती तांब्याची वायर दोन पावसाळ्यांत कव्हरच्या आत काळी पडते. कल्हईची, म्हणजे टिन्ड कॉपरची बारीक तारांची वायर घ्या, टोकं क्रिंप करा आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी बसवा. जाडीचा अंदाज करू नका, मोजा. ५ अँपिअर घेणारा बिल्ज पंप बॅटरीपासून ८ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १६ मीटर वायर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.३७. पंप बुडत्या बोटीत, आधीच उतरलेल्या बॅटरीवर चालायचा असतो हे लक्षात ठेवून वायर निवडा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूज आणि बॅटरीमधल्या तुकड्याला कुणीच वाली नसतो.

वॉटरमेकर यादीतून काढाच. खाडीतलं गढूळ, तेलकट पाणी त्याच्या पडद्याला मारतं आणि न वापरता ठेवलं तरी तो खराब होतो. दोघांना दिवसाला पिण्या-स्वयंपाकाला आठ-दहा लिटर धरले तर आठवडाभराचं पाणी टाकीत आणि कॅनमध्ये सहज मावतं. मात्र सगळं एकाच टाकीत नको. तुमच्या बोटीइतकीच, ३२ फुटांची, मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटे, कुठेही न थांबता पृथ्वी फिरून आले. त्या प्रवासात त्यांच्या टाकीतलं पाणी खराब झालं आणि पुढे पावसाच्या पाण्यावर भागवावं लागलं. मुंबईच्या गोदीत जन्मलेली ती बोट मला कायम जवळची वाटते, म्हणून तिची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.

डिझेल: पावसाळाभर अर्धी टाकी ठेवली असेल तर आत दव धरून पाणी साठलेलं असणार. तळाचं उपसून बरणीत घ्या आणि रात्रभर ठेवून बघा. पाणी शोषून वेगळं करणारा फिल्टर आणि जास्तीचे चार फिल्टर जवळ हवेत, कारण घाण टाकीत शांत बसलेली असते आणि उभ्या लाटा लागल्या की वर येते. इम्पेलर (इंजिनच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) जवळ ठेवा आणि बंदरात एकदा स्वतः बदलून बघा. गॅसचा सिलिंडर केबिनमध्ये नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये साठतो. ज्या कप्प्याचं तळाचं भोक थेट बोटीबाहेर निघतं तिथेच तो ठेवायचा.

नांगराचा हिशेब मुंबईचा आणि गोव्याचा वेगळा. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, गोव्यात जेमतेम दोन. ओहोटीला ४ मीटर पाण्यात नांगर टाकलात तर भरतीला ते साडेआठ होईल, त्यात नाळेची उंची एक मीटर. पाचपट धरली तरी ४७-४८ मीटर साखळी लागते. ५० मीटर, ८ मिलिमीटरची घ्या. कोकणातल्या खाड्यांत चिखल चांगला धरतो.

आणि जाळी. रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये, पुढे रात्री दिवा नसलेली तरंगती जाळी. बोटीच्या पंख्यात जाळं आलं तर पहिल्या क्षणी न्यूट्रल, मग इंजिन बंद. धारदार दातेरी सुरी, मास्क आणि कमरेला बांधायची दोरी कॉकपिटच्या हाताशी ठेवा. ज्याचं जाळं कापाल तो त्याच्या पोटापाण्याचं साधन हरवतो, म्हणून जमेल तितकं सोडवूनच काढा. प्रत्येक बंदरात शिरताना तिथल्या तांडेलाला रेडिओवर किंवा हाक मारून पुढची जाळी कुठे आहेत ते विचारा, ते नीट सांगतात.

निघण्याआधी दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा. पहिल्यांदा मांडव्यापर्यंत जाऊन या, तेवढ्यात नवी वायर आपली जागा घेते. परत आल्यावर घडीची पट्टी पुन्हा लावा, बॉटल स्क्रू अर्धा-एक फेरा कसावे लागतील. दुसऱ्यांदा मुरूडला जाऊन रात्रभर नांगरावर राहा, आणि येताना मुद्दाम दुपारी निघा, म्हणजे वायव्य वारा समोरून लागेल. तीन-चार तास टॅक मारत आलात की डोलकाठी, सीकॉक आणि बिल्ज तपासा. कुठे ओल दिसली, कुठे पिन सरकलेली दिसली, तर ती नीट करेपर्यंत गोवा आठवडाभर पुढे ढकला.